एकबतानातली सात लग्नं: अस्मोदेउस प्रकरणाचा अभ्यास

तक्रार

मुलीचं नाव सारा. बाप रगुएल, आई एदना. राहणार एकबताना, म्हणजे इराणातलं आजचं हमदान. अश्शूरी राजांनी इस्राएलमधून उठवून पूर्वेकडे नेलेल्या लोकांपैकी हे एक घर. खाऊनपिऊन सुखी, लेक एकुलती एक. तिची सात लग्नं झाली आणि सातही नवरे पहिल्याच रात्री, तिच्याजवळ जाण्याआधीच मेले. घरातली मोलकरीण एक दिवस तोंडावर म्हणते, नवऱ्यांना तूच मारतेस, आता त्यांच्या मागोमाग तूही जा. सारा माडीवर जाते, गळफास घ्यायचं मनाशी ठरवते आणि थांबते. लोक बापाला बोल लावतील, म्हातारपणी त्याला लेकीचं दुःख घेऊन मरावं लागेल. मग ती खिडकीशी उभी राहून देवाकडेच मरण मागते.

हे प्रकरण 'तोबित' या यहुदी ग्रंथातलं आहे. गोष्ट घडते इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात, लिहिली गेली बहुधा तिसऱ्या-दुसऱ्या शतकात. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ मध्ये तिच्या पाच हस्तलिखितांचे तुकडे मिळाले, चार आरामी भाषेतले आणि एक हिब्रू. यहुद्यांनी हा ग्रंथ आपल्या बायबलात घेतला नाही, कॅथलिकांनी घेतला. त्यामुळे वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांना सारा आणि तोबियास ओळखीचे असतात, प्रोटेस्टंट वाचकांना बहुधा नसतात.

सारा खरी होऊन गेली असा माझा दावा नाही. पण झपाटलेल्या माणसाची तक्रार, निदान, औषध आणि निकाल असं सगळं एका जागी देणाऱ्या जुन्या कथा फार नाहीत. इथे नवऱ्यांना मारणाऱ्या राक्षसाचं, अस्मोदेउसचं, नाव इराणी आहे, रुग्ण यहुदी आहे आणि औषध घेऊन येणारा मुलगा निघालाय अश्शूरी राजधानी निनवेहून. तीन शेजाऱ्यांचा माल एकाच खोलीत सापडतो. त्यातला कोणता कोणाचा, हे तपासण्यासारखं आहे.

उपचार आणि निकाल

तोबियास हा निनवेतल्या तोबित नावाच्या, आंधळ्या झालेल्या गृहस्थाचा मुलगा. बापानं पूर्वी मीडिया या जुन्या इराणी प्रांतातल्या रगेस गावी गबाएल नावाच्या माणसाकडे दहा टॅलंट (वजनाचं जुनं माप) चांदी ठेवायला दिली होती, ती आणायला पोरगा निघतो. सोबत अजऱ्या नावाचा वाटाड्या आणि एक कुत्रा. अजऱ्या म्हणजे प्रत्यक्षात राफाएल देवदूत. हे वाचकाला ठाऊक असतं, तोबियासला नसतं. तैग्रिसच्या काठी मुक्काम असताना पाण्यातून एक मोठा मासा उसळतो आणि पोराच्या पायावर येतो. वाटाड्या म्हणतो, धर त्याला, चीर, पित्त, हृदय आणि यकृत काढून नीट ठेव. कशाला, असं पोरगा विचारतो. उत्तर एखाद्या वैद्यानं द्यावं तसं नेमकं आहे: राक्षसाची किंवा दुष्ट आत्म्याची बाधा झालेल्यापुढे हृदय आणि यकृत जाळून धूर केला की पीडा पळते आणि पुन्हा येत नाही, पित्त डोळ्यांवर आलेल्या पांढऱ्या पडद्यावर लावायचं.

पुढे लग्न ठरतं. तोबियास नातलगातलाच, त्यामुळे मुलीवर त्याचा हक्क. रगुएल जावयापासून काही लपवत नाही, आधीचे सात कसे गेले ते सांगतो. रात्री वधूवर खोलीत जातात. तोबियास पिशवीतून माशाचे अवयव काढून धूपाच्या निखाऱ्यांवर ठेवतो. त्या वासानं राक्षस पळतो तो थेट वरच्या इजिप्तपर्यंत. राफाएल पाठोपाठ जाऊन त्याला तिथेच बांधून टाकतो. मग दोघं उठून उभ्यानं प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेत आदम-हव्वा येतात, राक्षसाचा उल्लेखही नाही.

बाहेर काय चाललेलं असतं ते मला या कथेतलं सगळ्यात खरं वाटतं. रगुएल रात्रीच माणसं लावून थडगं खणून घेतो. आठवाही गेला असेल तर शेजारपाजाऱ्यांना कळायच्या आत पुरून टाकता यावं, एवढाच हेतू. मग मोलकरणीला दिवा देऊन आत पाठवतात. ती येऊन सांगते, दोघं गाढ झोपलेत. लगेच हुकूम सुटतो, पहाट व्हायच्या आत खड्डा बुजवा. त्यानंतर चौदा दिवस मेजवानी, नेहमीच्या दुप्पट. सात जावई गमावलेला बाप देवदूतावर नव्हे, कुदळ-फावड्यावर भरवसा ठेवतो.

आरोपीची ओळख

राक्षसाचं नाव अस्मोदेउस. यहुदी परंपरेत पुढे अश्मदाय. बहुतेक अभ्यासक या नावामागे इराणी 'अएश्म-दएव', म्हणजे क्रोधाचा राक्षस, पाहतात. काहींना त्यात हिब्रूतला नाशवाचक धातू दिसतो. आज उरलेल्या अवेस्तात, म्हणजे जरथुश्त्री धर्मग्रंथात, 'अएश्म' आणि 'दएव' ही जोडी एकत्र मिळत नाही, ही इराणी पक्षाची कच्ची बाजू. पण नंतरच्या पहलवी (मधल्या काळातल्या फारसी) ग्रंथांत 'खेश्म देव' सर्रास येतो आणि कथा घडते मीडियातच, त्यामुळे माझं माप इराणी बाजूला झुकतं.

आपल्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगायला हवी. जरथुश्त्री धर्मात 'दएव' म्हणजे दुष्ट शक्ती. वेंदिदाद या अवेस्तातल्या शुद्धिविषयक ग्रंथाच्या दहाव्या फर्गर्दात (प्रकरणात) हाकलायच्या दएवांमध्ये इंद्राचं नाव आहे आणि आपल्या नासत्यांचंही (अश्विनीकुमारांचंही), नाओंघइथ्य या रूपात. अएश्मही त्याच प्रकरणात येतो.

हा अएश्म फार जुना. खुद्द जरथुश्त्राच्या गाथांमध्ये, म्हणजे अवेस्तातल्या सर्वांत जुन्या स्तोत्रांमध्ये, यस्न (अवेस्ताचा एक भाग) २९ मध्ये, गाईचा आत्मा गाऱ्हाणं घालतो की अएश्मानं आणि जुलमानं मला जखडलंय. यस्न ३० मध्ये दएव चुकीची निवड करतात आणि माणसांचं जग पिडायला अएश्माकडेच धाव घेतात. क्रोध, धाड, गुरांवरचा अत्याचार हा त्याचा प्रांत. पुढच्या ग्रंथांत त्याच्या हाती रक्ताळलेली गदा आहे. त्याच्या विरोधात उभा आहे स्रओश, पारशी ज्याला सरोश म्हणतात. सृष्टी झाल्यापासून तो झोपलेला नाही. सूर्य मावळला की शस्त्र घेऊन अएश्मावर घाव घालतो.

आता हे चरित्र साराच्या छळणाऱ्याशी ताडून बघा. 'तोबित'च्या काही पोथ्यांत तोबियास स्पष्ट म्हणतो की त्या राक्षसाचं तिच्यावर प्रेम आहे. तिला तो काही करत नाही, तिच्याजवळ जाणाऱ्यांना मारतो. अएश्माच्या कुंडलीत बाईचा नाद कुठेच नाही. एका मुलीसाठी झुरणारा, तिच्या खोलीवर पहारा देणारा प्रियकर तो नव्हे.

तसा प्रियकर हवा असेल तर पश्चिमेला, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) जावं लागतं. तिथल्या मातीच्या मंत्रपाट्यांत 'अर्दत लिली' भेटते. ही लग्नाचं सुख न मिळता मेलेली तरुणी; ती तरुण पुरुषांना धरते. तिचा जोडीदार 'लिलू' बायकांना धरतो. अपुऱ्या राहिलेल्या संसाराची वासना दुसऱ्याच्या शय्येवर येऊन बसते, ही त्या लोकांची समजूत. साराच्या खोलीतला राक्षस वागतो लिलूसारखा आणि सही करतो अएश्माच्या नावानं.

औषध कोणाचं?

नावापेक्षा उपचार जास्त बोलका, कारण नाव ऐकून उचलता येतं पण विधीमागे सगळी विचारपद्धती असते.

एकबतानातल्या एखाद्या मोबेदाला, म्हणजे जरथुश्त्री पुरोहिताला, रगुएलनं बोलावलं असतं तर त्यानं काय केलं असतं? वेंदिदाद आज आपल्या हाती आहे तो पुष्कळ नंतर लेखी झाला, पण त्यातली शुद्धाशुद्धाची कल्पना जुनी आहे. त्यात वैद्य तीन प्रकारचे सांगितलेत: सुरीनं बरं करणारा, वनस्पतींनी बरं करणारा आणि मंथ्रानं, म्हणजे पवित्र वाणीनं, बरं करणारा. श्रेष्ठ तिसरा. (सुरीवाल्यानं आधी दएवपूजकांवर हात बसवायचा. लागोपाठ तीन दगावले तर त्यानं जन्मात सुरी धरायची नाही; तीन वाचले तर मग मज्दापूजकांना हात लावायची मुभा. विधर्मी रुग्णाला काय वाटत असेल, याचा विचार ग्रंथात नाही.) म्हणजे मोबेद आधी शब्द वापरणार. दहाव्या फर्गर्दात गाथांमधल्या ओळी नेमून दिल्यात: काही दोनदा, काही तीनदा, काही चारदा म्हणायच्या आणि त्या म्हणून दएवाला घरातून, गावातून, माणसाच्या अंगातून घालवायचं.

वेंदिदादमधली सगळ्यात भीषण पीडा म्हणजे नसु, प्रेताची द्रुज (राक्षसी). जीव गेला की ती उत्तरेकडून माशीच्या रूपात येते, गुडघे आणि शेपूट बाहेर काढलेली, भणभणत. प्रेताला शिवलेल्या माणसावर ती बसली तर तिला काढायची रीत इंचाइंचानं लिहून ठेवली आहे. पाणी टाळूवर पडलं की ती भुवयांच्या मध्ये सरकते, तिथून मागे डोक्यावर, मग गाल, कान, खांदे, काखा, छाती, पाठ असं करत खाली. शेवटी डाव्या पायाच्या बोटांखालून ती निघते आणि माशी होऊन उत्तरेला उडून जाते. अंगाचा एकही कोपरा वगळलेला नाही. आणि ज्या वाटेनं प्रेत नेलं ती वाट मोकळी करायला लागतो कुत्रा, पिवळा चार डोळ्यांचा किंवा पांढरा, पिवळ्या कानांचा. मुंबईत पारशांचे अंत्यविधी होतात त्या डुंगरवाडीवरचा सगदीद, म्हणजे प्रेताला कुत्र्याच्या नजरेस आणण्याचा विधी, याच परंपरेतला.

या पद्धतीत धूर बसतो का? बसतो, पण वेगळा. आठव्या फर्गर्दात चांगली, सुगंधी लाकडं अग्नीला द्यायला सांगितलंय. वारा तो सुवास जिथवर नेईल तिथवर अग्नी हजारो अदृश्य दएवांना ठार करतो. पारशी घरात संध्याकाळी लोबान फिरवतात तो याच कल्पनेशी जुळतो. उलट त्याच फर्गर्दात अग्नीवर मृत मांस, नसा, जाळणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. बळीच्या प्राण्याची चरबी अग्नीला अर्पण करायची जुनी रीत होती हे खरं, पण ते अर्पण. माशाची आतडी-काळजं टाकून खोलीत घाण वास कोंडणं हे अर्पणात बसत नाही. इराणी धूर सुगंधानं मारतो, तोबियासचा धूर दुर्गंधानं पळवतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निर्णायक पुरावा हा आहे. अएश्मावरचं हे औषध त्याच्या मायदेशी बनलेलं नाही.

निनवेत मात्र ते खपलं असतं. तिथल्या पीडा काढणाऱ्या विद्वानाला 'आशिपु' म्हणत. तो राजदरबारी मान असलेला शिकलेला माणूस. मंत्रांच्या पाट्या पाठ असलेला, औषधं जाणणारा. 'मक्लू' या जारणमारणाच्या तोडग्याच्या आठ पाट्या मंत्रांच्या आणि नववी विधीची. 'उतुक्कू लेम्नूतु' ही दुष्ट भुतांवरची मालिका सोळा पाट्यांची. गंधक, शिंग, हाड, केस असले उग्र वासाचे पदार्थ निखाऱ्यावर टाकून रुग्णाला धुरी देणं हा तिथला नेहमीचा उपाय.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला लमश्तूचा कांस्यपट बघितला तर साराची खोली डोळ्यांपुढे येते. लमश्तू ही बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना धरणारी राक्षसी. पटाच्या वरच्या कडेवरून पझूझूचं डोकं डोकावतंय. तोही राक्षसच, पण लमश्तूवर वचक असलेला. वर देवतांची चिन्हं, त्याखाली प्राण्यांच्या मुंडक्यांचे सात राक्षस. मधल्या पट्ट्यात पलंगावर रुग्ण, हात वर केलेला. डोक्याशी एक आणि पायाशी एक असे दोन जण, अंगावर माशाचं अख्खं कातडं पांघरलेले. तळाशी नदी, नदीत नाव, नावेत गाढवावर गुडघा टेकलेली लमश्तू, सिंहाचं तोंड, दोन्ही हातांत साप. समोर तिच्यासाठी वस्तू मांडल्यात, फणीसुद्धा. आपल्याकडे उतारा गावाबाहेर नेऊन ठेवतात तसाच हा मामला: जे हवं ते घे, पण जा. या मासेधारी पुरुषांवरूनच 'तोबित'मधला मासा आला, असं म्हणायला मी धजणार नाही. पण नदीतला मासा, रुग्णशय्या आणि दूर पाठवलेली पीडा हे तिन्ही एकाच चौकटीत तिथे होतं आणि तोबियास त्याच मुलखातून निघाला होता.

अवेस्तातही एक नावाजलेला मासा आहे, कर. पाण्यातली केसाएवढी हालचाल त्याला दिसते. पण तो पवित्र पक्षातला. त्याचं काळीज निखाऱ्यावर टाकायचं कोणा मोबेदाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि पित्तानं तोबितचे डोळे उघडतात त्यात तर झाडफुंक काहीच नाही. माशाचं पित्त डोळ्यांच्या विकारांवर चालतं, असं रोमचा प्लिनीही लिहून गेलाय.

बांधणं, कुत्रा आणि थडगं

राफाएल राक्षसाला मारत नाही, बांधतो. यहुदी परंपरेत ही त्याची ओळखच. हनोखच्या ग्रंथात तोच अझाझेल या पतित देवदूताचे हातपाय बांधून वाळवंटातल्या अंधारात टाकतो. पण इराणकडेही याचं भावंड आहे. थ्रएतओन, म्हणजे फरिदून, यानं अझी दहाक या सर्पराक्षसाला दमावंदच्या डोंगरात जखडलं, असं पहलवी ग्रंथ सांगतात. हाच फरिदून अवेस्तातल्या यश्त (स्तोत्र) १३ मध्ये खाज आणि ताप यांच्याविरुद्ध आळवला जातो. वीर आणि वैद्य एकच. दमावंद आहे रय गावाजवळ आणि तोबियासचे पैसे ठेवलेले रगेस म्हणजे तेच रय. लेखकाला ही कथा ठाऊक असती तर राक्षस दोन गावं पलीकडे बांधता आला असता, इजिप्त गाठायची गरज नव्हती.

लेखकाला मीडियाची माहिती ऐकीव होती हे दुसऱ्या ठिकाणीही उघडं पडतं. एकबताना ते रगेस दोन दिवसांची वाट आहे असं कथा म्हणते. अलेक्झांडर याच वाटेनं दौडत गेला तेव्हा अकराव्या दिवशी पोचला.

१९०० मध्ये जेम्स होप मोल्टन या इंग्रज विद्वानानं तर्क मांडला की मूळ गोष्ट मीडियातल्या मगांची, म्हणजे इराणी पुरोहितांची, असावी आणि यहुदी लेखकानं ती आपल्या धर्मात बसवून घेतली. (मोल्टन १९१५ मध्ये हिंदुस्थानात येऊन पारशी समाजात वावरला. १९१७ मध्ये परतताना भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजावर टॉर्पेडो पडला आणि बचावाच्या होडीत तो गेला.) त्याच्या बाजूचा मोठा आधार कुत्रा. यहुदी ग्रंथांत कुत्र्याला सहसा मान नसतो; इथे तो जाताना सोबत आहे, येतानाही आहे आणि त्याला काम मात्र काही नाही. जुन्या कथेचा उरलेला तुकडा असावा, हे पटतं. पण कुत्रा औषधात नाही, खोलीतही नाही. इराणी उपचार शिल्लक असता तर त्याची नजर कुठेतरी लागली असती.

थडग्यांचा प्रश्न आणखी अवघड. तोबितचं सगळं पुण्य बेवारस प्रेतं पुरण्यात आहे. राजाच्या रोषाला तोंड देऊन तो ते करतो. वेंदिदादच्या तिसऱ्या फर्गर्दात प्रेत पुरून सहा महिने तसंच ठेवणाऱ्याला पाचशे फटके, वर्षाला हजार आणि दोन वर्षं झाली तर प्रायश्चित्तच नाही. लेखकानं इराणी मत मुद्दाम उलटं केलं असं मोल्टनपक्षी म्हणता येईल. मला साधं स्पष्टीकरण पुरेसं वाटतं: परमुलखात राहणाऱ्या यहुद्यांना आपला अंत्यविधी टिकवणं हेच धर्म टिकवणं होतं आणि त्यासाठी मगांची गोष्ट हाताशी असायची गरज नव्हती. मगांकडून आलं ते नाव, कदाचित कुत्रा, आणि बांधण्याच्या कल्पनेला थोडं बळ.

पुढचा प्रवास

अस्मोदेउस इजिप्तमध्ये बांधलेला राहिला नाही. 'सॉलोमनचं मृत्युपत्र' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक ग्रंथात तो स्वतःच कबुली देतो की नवविवाहितांचे संसार मोडणं हा माझा धंदा आणि माशाच्या धुरापुढे माझं चालत नाही. बायबलाचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनं हा ग्रंथ उतरवताना सारा-तोबियासला पहिल्या तीन रात्री संयमानं प्रार्थनेत घालवायला लावलं. ग्रीक पोथ्यांत असं काही नाही, पण युरोपात 'तोबियासच्या रात्री' पाळायची चाल त्यातून पडली. बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात अश्मदाय राक्षसांचा राजा आहे. त्याला साखळीत बांधून सॉलोमनकडे नेताना वाटेत लग्नाची वरात दिसते आणि तो रडतो. कारण त्याला ठाऊक असतं की हा नवरदेव तीस दिवसांत मरणार. आता तो फक्त जाणतो, मारत नाही.

इराणी बाजूला उपचार शब्दांतच राहिला. पारशी माणूस कस्ती (कमरेचा पवित्र धागा) सोडताना 'केम ना मज्दा' म्हणतो. त्यात आठव्या फर्गर्दातली ओळ आहे: नाहीशी हो, द्रुज, उत्तरेकडे जा, 'अश'च्या, म्हणजे सत्याच्या, सृष्टीचा नाश करू नकोस. मुंबईतल्या अगियारीच्या दारात हात-तोंड धुऊन कोणीही ती म्हणत असतो आणि आपण पीडा काढतोय असं त्याच्या मनातही नसतं. वेंदिदादचा पूर्ण पाठ आजही मध्यरात्रीनंतरच्या उषहिन गाहात (प्रहरात) होतो, सरोशाच्या प्रहरात.

आणि हे दोन प्रवाह पुन्हा एकदा, अगदी घरगुती पातळीवर, मिसळले. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी १८८९ पासून इराकातलं निप्पूर खणलं तेव्हा घरांच्या जमिनीत उपडी पुरलेली मातीची वाडगी निघाली. आत गोल गोल, आरामी अक्षरांत मंत्र. काळ सासानी, म्हणजे राज्य जरथुश्त्री. लिहिणारे यहुदी, मंदाई (तिथलाच एक छोटा धर्मपंथ), सिरियाक लिपीवाले. लिहून घेणाऱ्यांत पुष्कळांची नावं अस्सल इराणी. त्यांतल्या काही वाडग्यांत लिलिथ या राक्षसीला बाकायदा काडीमोड दिलेला आहे, रब्बी (यहुदी धर्मगुरू) यहोशुआ बेन पेरह्या यांच्या नावानं, आणि समुद्रापलीकडून तुझं फारकतपत्र आलंय, आता या घरातून नीघ, असं तिला बजावलं आहे. ज्या देशात मोबेदांचा हुकूम चालत होता तिथल्या इराणी नावाच्या गिऱ्हाइकांनी घरातली बाधा काढायला यहुदी फारकतीचा मसुदा विकत घेतला.